मास्तरांची सीट

हाफक्लच मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ज्याच्या तोंडून "हाफ क्लच... हाफ क्लच... हां, आता सोड" एवढंच ऐकू येतं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर थबकायचा, मग "अरे, हे तर हाफक्लचचं!" म्हणून बरोबर त्यांच्या दारात टाकायचा.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. स्वतः मात्र क्वचितच चालवत. त्यांची जागा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायाशी वेगळी दोन पेडलं बसवलेली, एक क्लचचं, एक ब्रेकचं. शिकणारा घाबरला की मास्तरांचा पाय आपोआप दाबला जाई आणि गाडी मांजरासारखी निमूट थांबे. त्या सीटवर मास्तरांखेरीज कुणी बसत नसे. पुढचा विद्यार्थी मागे बसून आपल्या पाळीची वाट बघायचा. बायको बरोबर निघाली तर तीही मागेच. "तिथं पाय ठेवायचे कुठे? चुकून दाबलं काही, तर सगळ्यांची वरात निघायची," असं ती म्हणे. तिचं घरात शिवणकामाचं दुकान होतं, कपडे लांब-आखूड करून द्यायचं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार.

मास्तरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिल्याच दिवशी थरथरणाऱ्या विद्यार्थ्याला ते सांगत, "हे बघ, भीती गाडीत नसते. गाडी म्हणजे लोखंड. भीती असते ती आपल्यात. ती घरी ठेवून यायची." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, कोण मोजणार.

तेच वाक्य उलटून त्यांच्याच अंगावर आलं.

झालं असं. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसणाऱ्या एक बाई त्यांच्याकडे शिकायला येत होत्या. वय पन्नाशीपुढे. नवऱ्याच्या मूत्रपिंडांनी संप पुकारलेला, आठवड्यातून तीनदा त्याला हॉस्पिटलात न्यायचं, म्हणून या वयात स्टिअरिंगला हात लावलेला. विसावा दिवस होता. सकाळचे सात, चौक जवळजवळ रिकामा. डावीकडच्या गल्लीतून दुधाच्या क्रेटचा टेम्पो दाणदाण करत आला. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती नेमकी टेम्पोच्या तोंडापुढे. डावं दार घेऊनच टेम्पो आत घुसला. मास्तरांचा खांदा निखळला. बाईंना खरचटलंसुद्धा नाही, पण इंजिन बंद पडलेल्या गाडीत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्या पुटपुटत राहिल्या, "हाफ क्लच... हाफ क्लच..."

त्या दिवसापासून बाई फिरकल्या नाहीत. मास्तरांच्या मनात मात्र एक किडा शिरला. मी ब्रेक दाबला नसता, तर गाडी निघून गेली असती का?

गाडी गेली मेहुण्याच्या गॅरेजात. बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाने गोड, हाताने चपळ. दार आत दबलेलं, दोन दारांमधला खांब वाकलेला, आणि दाराखालची पोकळ पट्टी, जिच्यावरून पाय टाकून आपण आत बसतो, ती डब्यासारखी चेपलेली. मास्तर गळ्यात हात अडकवून रोज फोन करायचे. "काय रे, झालं का? पोरं ताटकळलीत. दुसऱ्याकडे जातील."

"भाऊजी, नुसतं पत्र्याचं काम आहे का? श्वास तर घेऊ द्या!"

"श्वास नंतर घे. आधी गाडी दे."

बाराव्या दिवशी गाडी आली. आरशात बघून भांग पाडावा, अशी चकचकीत. मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि भुवया चढवल्या. डावं दार एकदा ओढून लागत नव्हतं, दोनदा ओढावं लागे. उन्हात तिरकं पाहिलं की पत्र्यावर पाण्यासारख्या लाटा दिसत. आणि पांढरा रंग डावीकडे जरा निळसर होता, नीळ जास्त पडलेल्या शर्टासारखा.

"भाऊजी," मेहुणा हसला, "गाडी शिकवायला हवीये की नवरी म्हणून मिरवायला? दार नवीन आहे, रुळेल."

पहिल्याच दिवशी एक कॉलेजचा पोरगा शिकायला बसला. चौकात त्याने गाडी उजवीकडे वळवली आणि मास्तरांच्या बुडाखालून आवाज आला.

कट्.

फार मोठा नाही. बोटं मोडावी तेवढा. पण मास्तरांचा पाय खाडकन ब्रेकवर गेला. पोराचं नाक स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं.

"मास्तर, काय झालं? समोर कुणीच नाहीये!"

"काही नाही. चल, हाफ क्लच."

पुढच्या वळणाला पुन्हा कट्. पुन्हा ब्रेक. मागे बसलेली दुसरी विद्यार्थिनी दप्तर छातीशी घट्ट धरून बसली. त्या आठवड्यात मास्तरांनी रिकाम्या रस्त्यावर किती वेळा ब्रेक दाबला, त्याला गणती नाही. आवाज दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नव्हता. शिकणाऱ्याचे कान इंजिनकडे, मागे बसलेल्याचे फोनकडे.

गॅरेजात गेले तेव्हा मेहुणा म्हणाला, "तुम्ही चहा घ्या, मी चक्कर मारून येतो." एकटाच गाडी घेऊन गेला, दहा मिनिटांनी परत आला. "लोण्यासारखी चालतेय. तुम्हीच बघा ना." मास्तर स्वतः स्टिअरिंगवर बसले. मैदानाला तीन फेऱ्या घातल्या, उजवीकडे, डावीकडे, खड्ड्यातून. काही नाही. गाडी मुकी.

"भाऊजी, राग मानू नका," मेहुणा हळूच म्हणाला, "धक्का गाडीला बसला होता, तो मी काढला. तुम्हाला बसला तो मी कसा काढू?"

गॅरेजातले दोघे-तिघे खाली मान घालून हसले. एक जण पुटपुटला, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला, छाती तपासली. "सांधा चांगला बसलाय. मनाला वेळ द्या," म्हणाले.

म्हणजे भीती गाडीत नाही, आपल्यात आहे. मास्तरांना आपलंच वाक्य घशाखाली उतरेना. सकाळी गाडीचं डावं दार उघडायला ते उगाच उशीर करायचे. दार दोनदा ओढून लावेपर्यंत तळहाताला घाम. सीटवर बसलं की पायाखालची जमीन आपलीच आहे का, असा संशय. घरी जेवताना पाट सरकल्याचा आवाज आला तरी उजवा पाय फरशीवर दाबला जाई. बायको बघायची. एका दुपारी बोलली.

"अहो, आज दोन पोरांचे पालक आले होते. मास्तर झटके मारतात, म्हणाले. पोरं घाबरतात."

"काय म्हणालीस तू?"

"मी म्हटलं, मास्तर बावीस वर्षं शिकवताहेत." तिने सुईत दोरा ओवला. "आणि ते म्हणाले, तेविसावं दुसरीकडे शिकवू."

मास्तरांनी गाडीवर ताडपत्री टाकली. खांदा दुखतो म्हणून सगळ्यांना निरोप धाडले. खांदा दुखत नव्हता. ते पुढच्या खोलीत मशीनशेजारच्या स्टुलावर बसून उसवलेल्या पँटचे दोरे काढत बसायचे आणि खिडकीतून ताडपत्रीकडे बघायचे, जणू तिच्याखाली काही तरी झोपलंय आणि आवाज केला तर उठेल. आपण संपलो, असं त्यांना वाटायला लागलं. घाबरणारा मास्तर म्हणजे पोहता न येणारा नावाडी.

दहाएक दिवसांनी पोस्टातल्या बाई दारात उभ्या राहिल्या. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"मास्तर, मला शिकायचंय."

"बाई, खांदा..."

"खांद्याचं नका सांगू. मलाही झोपेत टेम्पो दिसतो. पण यांना काल रिक्षात चक्कर आली. शेअर रिक्षा ती, मी पुढे ड्रायव्हरजवळ कोंबलेली, मागे यांना धरायला कुणी नाही. मला शिकावंच लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणायचात ना, भीती घरी ठेवून यायची? मी ठेवून आलेय. तुम्ही पण ठेवा."

बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि न बघताच म्हणाली, "जा हो. मैदानावर तर जायचंय."

मैदान रिकामं होतं. बाई स्टिअरिंगवर, मास्तर आपल्या सीटवर. बाईंनी गाडी छान उचलली. गोल फेरीचं पहिलं उजवं वळण आलं.

कट्.

ब्रेक. गाडी थांबली. बाईंचा चेहरा पांढरा. "मी काय चुकले?"

"काही नाही बाई. तुमचं काही नाही." मास्तरांनी बोटाने सीटखाली दाखवलं. "मलाच ऐकू येतं काही तरी. इथं, खालून. दुसऱ्या कुणाला येत नाही."

बत्तीस वर्षं खिडकीवर बसून माणसाचं तोंड बघून त्याला किती रकमेचं तिकीट लागणार, हे ओळखणारी बाई. "पाय बघा तुमचा, अजून ब्रेकवरच आहे," त्या म्हणाल्या. "माझा जीव तुमच्या पायात, आणि तुमचा पाय थाऱ्यावर नाही. आपण जागा बदलू. जरा तुम्ही चालवा, मन निवेल. मी बसते तिथं."

"तिथं? तिथं कुणी बसत नाही."

"मग आज बसेल. पाय वर घेऊन बसते, झालं?"

बाई अंगाने भरभक्कम होत्या. पेडलांना स्पर्श होऊ नये म्हणून साडी सावरून, पाय पोटाशी घेऊन कशाबशा मावल्या. मास्तर स्टिअरिंगवर बसले. गाडी निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये उजवं वळण.

कट्. आणि पाठोपाठ करकरत एक लांब आवाज.

"मास्तर!" बाईंनी दाराची मूठ धरली. "माझ्याखाली काही तरी सरकलं! आई गं, सीट खाली गेली!"

मास्तरांनी गाडी थांबवली. त्यांना हसू आलं की रडू, कळलं नाही. आवाज होता! गाडीत होता! सगळे मूर्ख एकेकटे स्टिअरिंगवर बसून गाडी तपासत होते, मेहुणा एकटा, आपण एकटे. त्या सीटवर वजन पडल्याशिवाय ती बोलतच नव्हती, आणि त्या सीटवर आपल्याशिवाय कुणी बसतच नव्हतं.

तो आनंद एका श्वासापुरता टिकला. दुसऱ्या श्वासाला दुसराच विचार आला. म्हणजे इतके दिवस मी कशावर बसत होतो?

"उतरा, बाई. सावकाश उतरा."

घरी आल्यावर बायको काही मानायला तयार नव्हती. "तुमच्या बाईंचं वजन काय कमी आहे? सीट करकरणारच." पण कात्री घेऊन बाहेर आली. गुडघे टेकले, कात्रीच्या मुठीने उजव्या दाराखालची पट्टी ठोकली. टण्ण. मग डाव्या बाजूची ठोकली. ठप्. पुन्हा ठोकली. ठप्. ओल्या मातीवर मारावं तसं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला वरून इस्त्री आणि आतून कच्चा टाका म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

"आवाज वेगळा आला म्हणजे काम वाईट, असं नाही," ती म्हणाली. पण स्वर ओढलेला होता. "माझ्या भावालाच विचारू. चला."

ती नेहमीसारखी मागे बसली. मास्तरांनी वाटेत एकही उजवं वळण जोरात घेतलं नाही.

गॅरेजात दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या. हातोड्यांचा ठणठणाट चालू होता. मेहुणा हात पुसत पुढे आला. "काय भाऊजी, ब्रह्मराक्षस अजून उतरला नाही?"

"उतरला," मास्तर म्हणाले. "तुला दाखवायला आणलाय. चल, एक चक्कर मारू. मी चालवतो, तू माझ्या सीटवर बस."

मेहुण्याचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. "आता? आता कसं? हात बघा कसे तेलकट झालेत."

"हात नाही बसवायचेत."

"सीट खराब होईल, भाऊजी. आणि ती पेडलं, मला नाही जमत पाय आखडून. एक गिऱ्हाईक येतंय पण. संध्याकाळी बघू, निवांत."

"पाच मिनिटं."

"अहो, मी सांगतोय ना, मी चालवून पाहिलीय!"

"चालवून. बसून नाही."

हातोडे एकेक करत थांबले. त्या दिवशी हसलेला माणूस कानस हातात धरून उभा राहिला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मास्तरांची बायको उतरली, गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आली आणि दार उघडलं.

"तुला गिऱ्हाईक आहे तर राहू दे," ती भावाला म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "मी बसते. अहो, चौकाकडून हमरस्त्याला घ्या. तिथं जरा जोरात चालवा."

तिने एक पाय आत टाकला. हात दाराच्या कडेवर. मास्तरांनी खरंच किल्ली फिरवली. ही खरंच बसतेय की काय?

"ताई, बसू नकोस!"

ओरडणं असं की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला. मेहुण्याने धावत येऊन बहिणीचा दंड धरला होता. त्याचा तेलाचा पंजा तिच्या बाहीवर उमटला.

तिने हात सोडवून घेतला नाही. "मी नको," ती म्हणाली, "आणि हे रोज बसत होते ते चाललं?"

तो तिथंच टायरवर बसला. वय एकदम दहा वर्षांनी वाढल्यासारखं. मग बोलला, पण खालीच बघत. खांब सरळ ओढायला मोठं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. दुसऱ्याकडे गाडी पाठवायची तर महिना जाणार. पट्टी आतून कापून नवी जोडायला हवी होती, आपण चार ठिकाणी वेल्डिंगचे ठिपके दिले, पोकळीत गोणपाट कोंबलं, वर पुट्टी आणि रंग. "तुम्ही रोज फोन करायचात, भाऊजी. रोज. मला वाटलं, शिकवायची गाडी ती, विसाच्या स्पीडच्या वर जातेय कुठे? इतकं चालून जाईल. आणि तुम्हाला आवाज आला म्हणालात तेव्हा..." त्याने तोंड पुसलं, तेलासकट. "तेव्हा मला कळलं, ठिपके सुटताहेत. पण सगळे हसले, आणि मीही हसलो."

मास्तरांच्या ओठांवर शिव्यांची रांग लागली होती. पण रोजचे ते फोन त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकू येत होते. त्यांनी डाव्या बाजूची चटई उचलली आणि पेचकस पट्टीत खुपसला. लोखंडात तो शिरायला नको होता. शिरला. हातभर पुट्टीचं ढेकूळ चकचकीत रंगासकट खाली पडलं आणि मागून गोणपाटाची शेपटी बाहेर आली. बडा घर पोकळ वासा. चारातले तीन ठिपके तुटलेले. चौथ्यावर सीट, सीटवर मास्तर, आणि मास्तरांच्या पायावर रोज एका परक्याचं लेकरू.

ते वाकून बघत राहिले. बावीस वर्षांची मास्तरकी, एका ठिपक्यावर टेकलेली.

गाडी दोऱ्या बांधून, दुसऱ्या वाहनावर चढवून, यंत्रवाल्या कारखान्यात गेली. मेहुणा आपलं गॅरेज बंद ठेवून रोज तिथं जायचा, मजुरासारखा. बहीण त्याच्याशी बोलत नव्हती, पण संध्याकाळी त्याच्या डब्यात दोन घास जास्त घालायची. मास्तर स्टूल घेऊन तिथं बसत आणि प्रत्येक टाका पडताना बघत. एकही फोन केला नाही. कारखानदार म्हणाला, वेळ लागेल. मास्तर म्हणाले, लागू दे.

गाडी परत आली तेव्हा बाईंना निरोप गेला. मैदानावर चौघं जमले. बाई स्टिअरिंगवर बसल्या. मास्तरांनी डावं दार उघडलं. एका ओढीत लागणारं दार होतं आता. पण बसले नाहीत. मेहुण्याकडे बघितलं.

"बस."

"मी?" त्याने बाईंकडे पाहिलं. "यांना... यांना येतं का पण?"

"शिकतेय," बाई म्हणाल्या. "विसाव्या दिवशी टेम्पो आला होता. एकविसाव्या दिवशी सीट खाली गेली. आज बाविसावा."

मेहुणा बसला. पट्टा ओढून लावला, मग पुन्हा ओढून पाहिला. "पायाखाली ब्रेक आहे," मास्तर म्हणाले, "पाय लावायचा नाही." स्वतः मागे, बायकोशेजारी बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीत मागे.

"हाफ क्लच," बाई स्वतःशीच म्हणाल्या. गाडी निघाली. मेहुण्याची मान ताठ, मानेवर घामाची धार. पहिलं उजवं वळण जवळ येत होतं. बाईंनी स्टिअरिंग फिरवलं. गाडी डावीकडे कलली, सगळं वजन त्या सीटवर आलं.

चौघंही ऐकत होते.

काही नाही. नुसतं इंजिन. खडी टायरखाली चुरचुरली, तेवढंच.

"अजून एकदा, बाई," मास्तर म्हणाले. "जरा जोरात."

बायकोने हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांना कळलं, की आपला उजवा पाय मागच्या सीटखालच्या रिकाम्या चटईवर, जिथं ब्रेकही नाही आणि काहीच नाही, टाच रुतेस्तोवर दाबून धरलेला आहे. त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

दुसरं वळण समोर होतं.